चर्चला पार्किंग हवं, पण बावखल बुजवून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात गेले दोन महिने एकच विषय चघळला जातोय. चर्चमागचं बावखल बुजवून तिथे पार्किंग करायचं की नाही? बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं खणलेलं गोड्या पाण्याचं साठवण. वाडवडिलांनी ती खणली, निघालेली माती घरांच्या जोत्यांना आणि वाड्यांना घातली आणि पाण्यावर रहाट लावून केळी नि पानवेली शिंपल्या. आता रहाट गेले. बऱ्याच बावखलांत जलपर्णी आणि प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात, हेही कबूल.

मी याच धर्मग्रामातला, म्हणजे याच चर्चच्या पॅरिशमधला, आणि माझ्या दारातही गाडी आहे. आमचा रस्ता बैलगाडीच्या मापाचा. रविवारी दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की रिक्षासुद्धा अंग चोरून जाते. गेल्या नाताळात आळीतल्या एका आजींना न्यायला आलेली रुग्णवाहिका नाक्यावरच अडकली. शेवटी पोरांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेलं. रस्ता अडवणाऱ्या त्या गाड्यांत एक माझी होती. तेव्हा पार्किंगची गरजच नाही, असं म्हणणाऱ्यांत मला धरू नये.

पण सभेत जो नकाशा दाखवला, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. 40 गाड्या लावायच्या, तर वळायला-फिरायला धरून एका गाडीला साधारण 25 चौरस मीटर जागा लागते. म्हणजे 1,000 चौरस मीटर, जवळजवळ 10 गुंठे. एवढ्या जागेवर एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस पडला (आमच्याकडे ही काही नवलाई नाही) की 2 लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे 20 टँकर. आज ते बावखलाच्या पोटात जातं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. उद्या पेव्हर ब्लॉकवरून घरंगळून जाणार कुठे? उताराच्या बाजूला आमची घरं आहेत. शिवाय बावखल बुजल्यावर आसपासचं जे पाणी आज तिथे येऊन थांबतं, त्यालाही जागा उरणार नाही.

जुलै 2018 आम्ही विसरलेलो नाही. रेल्वे बंद, वीज नाही, घरात गुडघाभर पाणी. त्यानंतर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी वसई-विरारसाठी सुचवलेल्या उपायांत पाणी साठवणारे धारण तलाव होते. आयती खणलेली जागा बुजवायची आणि मग धारण तलावांसाठी जमीन शोधत फिरायचं, हे गणित मला तरी सुटत नाही.

आणि फक्त पुराचा प्रश्न असता तरी एक वेळ चाललं असतं. आम्ही समुद्र आणि खाडीच्या कुशीत राहतो. जमिनीखाली गोड्या पाण्याचा जो थर आहे, तो पावसाच्या मुरण्यावर टिकतो. मुरणं कमी आणि उपसा जास्त झाला की खारं पाणी पुढे सरकतं. माझ्या विहिरीच्या पाण्यात मे महिन्यात डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो, हे आमच्या घरात रोज ऐकायला मिळतं.

'जागा चर्चची, तुम्हाला काय त्याचं?' असं सभेत एकाने सुनावलं. सातबारा चर्चच्या नावावर आहे, वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग खटल्यात गावतळी बळकावून बुजवणाऱ्यांना खडसावलं, पण तो सार्वजनिक जमिनीचा मामला होता. म्हणून मी कायद्याचा कीस काढत नाही, आपल्याच फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला विनवतो.

मुळात गर्दी किती वेळ असते? आठवड्याच्या 168 तासांपैकी रविवारचे चार-पाच तास. तीही का होते, ते फाटकापाशी उभं राहून बघावं. सातची मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) सुटते न सुटते तोच आठच्या गाड्या येतात आणि दोन्ही फौजा त्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर भिडतात. दोन मिस्सांमध्ये अर्धा तास वाढवला तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. शाळेचं पटांगण चालत तीन मिनिटांवर आहे आणि रविवारी रिकामं असतं. पावसात चिखल होतो, ही तक्रार खरी; मग एका कडेला खडी टाका, वर्गणी आम्ही काढू. ज्येष्ठांसाठी फाटकाशी आठ-दहा जागा राखा. सण आणि लग्नं राहिली, त्यांना स्वयंसेवक लागतील. ते आताही लागतातच.

आणखी एक. गावाबाहेरची काही मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर या वादाला धर्माचा रंग देऊ लागली आहेत. त्यांनी कृपा करून लांब राहावं. याच बावखलात आमच्या शेजाऱ्यांचे दीड दिवसाचे गणपती जातात आणि काठावरची पायरी घसरडी झाली की ती घासायला आमच्याच घरातली पोरं उतरतात. बावखल वाचवा म्हणणारा प्रत्येक जण चर्चचा वैरी, हा शिक्काही तितकाच खोटा. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठीचा 'हरित वसई'चा लढा ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरूच होते.

गेल्या आठवड्यात मोजणीवाल्यांनी बावखलात चार बांबू रोवले, टोकाला लाल चिंधी बांधून. त्यातल्या एकावर सकाळपासून खंड्या बसलेला असतो. पुढची सभा या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. डेब्रिजचा पहिला डंपर येण्याआधी पाण्याची जाण असलेला एखादा अभियंता त्या सभेला बोलवावा आणि पटांगणाचा पर्याय पावसाळ्याचे चार महिने वापरून पाहावा, एवढीच मागणी आहे. मी येणार आहे. पायी.

आपला,
एक धर्मग्रामस्थ, वसई (प.)
(कृपया नाव छापू नये.)