कान्नांची खरी ओळख करून देणाऱ्या मावशीस

प्रिय मावशी,

ऐन हंगामात बाजार बुडवून तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमच्याबरोबर आलात, त्याबद्दल मनापासून आभार. कान्नां, म्हणजे आपली करवंदं, सगळ्यांना पाटीतली ओळखता येतात. झुडपावरची ओळखताना गडबड होते. तुम्ही दाखवलेलं इतरांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत.

आधी पान, मग फळ, हा तुमचा क्रम फार मोलाचा. पान देठाशी मोडलं की पांढरा चीक येतो. पण नुसत्या चिकावर विसंबायचं नाही. चीक तगरीलाही असतो, समोरासमोर पानं आणि पांढरी फुलंही असतात. नसतात ते काटे. करवंदाची पानं जाड, वरून चकचकीत, टोकाला बोथट. पेरापाशी ताठ काट्यांची जोडी, कधी काट्यालाच फाटा फुटलेला. चीक, जोडीची पानं आणि काटे एकाच फांदीवर दिसल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही.

सगळ्यात फसवं झुडूप गेळ्याचं. त्याला काटे आहेत, पानंही समोरासमोर, पण चीक नाही आणि फळाच्या टोकाला मुकुट राहतो. करवंदाचं टोक साफ असतं. गेळ्याच्या फळाने ओढ्यातले मासे गुंगतात, खाल्लं तर माणसाला उलट्या होतात, म्हणून हा फरक तुम्ही दोनदा दाखवलात ते बरं झालं. चुन्नां, म्हणजे तोरणं, लगेच वेगळी पडतात: काटे वाकडे, पानावर तीन ठळक शिरा, फळ पांढरं. घाणेरी पान चुरगाळताच वासाने कळते; तिची हिरवी फळं विषारी.

तोडण्याचंही तसंच. पिकलेलं करवंद काळंभोर आणि बोटाला मऊ लागतं, जरा पिळलं की सुटतं. ओढावं लागलं तर ते कच्चं, ते लोणच्याला. चिरून बिया काढायच्या आणि अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे चीक निघतो. हाताला लागलेला चीक नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. पिकलेली फळं पसरट टोपलीतच ठेवायची, खोल पिशवीत तळची चेंगरून दुसऱ्या दिवशी आंबतात. आणि मिरगाचा पाऊस लागला की पाणचट होतात, तेव्हा ती पाखरांना सोडायची.

तुम्ही फोडून दाखवलेलं करवंद आतून लालबुंद निघालं, म्हणजे खेळातला कोंबडा! मुलं अजून तेच खेळतात.

जानेवारीच्या सुमारास झुडपं फुलावर आली की पुन्हा येऊ. यावेळी बाजाराचा दिवस टाळून.

तुमचे,
सड्यावर आलेले सगळे