साखर तपासताना हिरड्याही पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात विडी घरकुल भागात आशा स्वयंसेविका म्हणून मी घरोघरी फिरते. तिशीपुढच्या माणसांना बीपी, साखर तपासायला पाठवायचं, तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं विचारायची, हे आमचं कामच आहे. तोंडात पांढरा चट्टा आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, हे आम्ही विचारतो. पण त्याच तोंडात हिरड्यांतून रक्त येतं का, दात हलतात का, हे विचारायचं राहून जातं. तेही विचारलं जावं म्हणून हे पत्र.

आमच्याकडच्या कितीतरी बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. तंबाखू घरातच असतो. तो तव्यावर काळा होईपर्यंत भाजून मिश्री करायची आणि बोटाने दाताला लावायची. दाढ ठणकली की आणखी लावायची, घटकाभर बधिर वाटतं म्हणून. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण मिश्री घरच्या चुलीवर होते, तिथे बंदी पोचत नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर या बाया मनापासून ‘नाही’ सांगतात. म्हणून मी सरळ ‘मिश्री लावता का?’ असंच विचारते. मिश्रीने हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, तिथे घाण साचून पू होतो.

त्या पुवाने नुसते दातच जात नाहीत. हिरडीची सूज दीर्घकाळ राहिली की अंगात इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर चढते. आणि चढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. उलट हिरड्यांवर उपचार झाले तर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरते, हे अभ्यासांत दिसलं आहे. हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेला संसर्ग होऊ शकतो. असा आजार असणाऱ्याने दात काढण्याआधी डॉक्टरांना तो सांगितलाच पाहिजे.

आणि जेवण! माझ्या भागातल्या एक अक्का गोळ्या वेळेवर घेतात, तरी त्यांची साखर हटत नव्हती. दाढा गेलेल्या, उरलेले दात हलणारे. कडक भाकरी सुटली, काकडी-गाजर सुटलं. दोन्ही वेळा मऊ भात, मधे चहात बुडवलेला टोस्ट. ‘भात कमी करा, भाकरी खा’ असं त्यांना दर वेळी सांगितलं जायचं. ती चावायची कशाने, हे कुणी विचारलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे जायला त्या तयारच नव्हत्या. ‘शुगर असली की दात काढत नाहीत’, ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हे त्यांच्या मनात पक्कं. खरं तर दाढेची नस वेगळी, नजरेची वेगळी. साखर आटोक्यात असेल तर दात काढता येतो, आणि पू तसाच ठेवण्यात जास्त धोका आहे. समजूत घालता घालता महिने गेले. एक दिवस दवाखान्यात घालवायचा म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी, हेही त्यामागे होतंच.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, नागरी आरोग्य केंद्रात ज्या दिवशी साखर तपासतात त्याच दिवशी दातांचे डॉक्टर बसावेत. आम्हा आशांना हिरडी कशी बघायची हे शिकवावं. गरोदर बायांचीही तपासणी तिथेच व्हावी. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि ‘आता काही करू नका’ म्हणून घरचे थांबवतात. माल द्यायला बाया कारखान्यात जातात ती वेळ टाळून हा दवाखाना ठेवला, तर त्या येतील.

— एक आशा स्वयंसेविका, विडी घरकुल, सोलापूर