टर्नरच्या सरांना, जाहीर आभार

सर, नमस्कार. हे व्हॉट्सअॅपवर पाठवलं असतं तर तुम्ही हात जोडल्याचा इमोजी टाकून मोकळे झाला असता, म्हणून चारचौघात लिहितेय. दहावीचे निकाल लागले की आमच्याकडं घराघरात एकच प्रश्न, सायन्स का कॉमर्स, आणि आयटीआयचं नाव निघालं की लगेच "का, मार्क कमी पडले काय?"

मला मार्क बरे होते, गणितात तर चांगलेच. तरी तुम्ही आमच्या घरी येऊन पप्पांना म्हणालात की हिला गणित येतंय म्हणूनच टर्नरला, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवत ठेवून घडवायच्या ट्रेडला, घाला. पप्पा गपच झाले, कारण तोवर त्यांना असं कुणी उलटं सांगितलंच नव्हतं. आणि मला आवडलं ते पुढचं, तुम्ही नुसती हवा घातली नाहीत. २ वर्षं ट्रेड, मग वर्षभर अॅप्रेंटिस, त्यात स्टायपेंड मिळेल पण पगार समजू नका, उभं राहून काम आहे, शिफ्ट आहे, काही ठिकाणी कंत्राटावरच ठेवतात, हे सगळं आमच्या चहाच्या कपासमोर बसून सांगितलंत. आणि दारं बंद होत नाहीत हेही, म्हणजे दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाला थेट सेकंड इयरला अॅडमिशन घेता येते, भाषांचे पेपर दिले तर बारावीची समकक्षता मिळते. आईनं तेवढंच लक्षात ठेवलं नि आत्याला फोनवर तेच ऐकवत राहिली 😄

वर्कशॉपमधलं तर काय काय लिहू. पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हा मुलींना केस टोपीत घाला म्हणालात आणि पोरांना हातातले गंडेदोरे, अंगठ्या काढायला लावल्या, एकजण देवाचा दोरा आहे म्हणून अडून बसला तर "चक फिरताना देव मधे येत नाही बाळा" म्हणालात, चक म्हणजे लेथवर कापायचा तुकडा, आमच्या भाषेत जॉब, धरून गरगर फिरतो तो भाग. आणि तो टेपरचा, म्हणजे एकीकडं निमुळता होत जाणारा, जॉब! मोठा व्यास ३०, छोटा २०, लांबी ५०. वजाबाकी करा, लांबीच्या दुपटीनं भागा, आलं ०.१, आता कुठल्या कोनाचा टॅन ०.१ येतो ते शोधा, ५ अंश ४३ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), तेवढी कंपाउंड रेस्ट, म्हणजे कापायचं टूल बसवलेला लेथचा फिरता भाग, फिरवा. दहावीत टॅन थीटा पाठ केला होता पण तो कशाला असतो ते तिथं कळलं, आणि लेथवर तर फक्त अंशाच्या रेघा, मिनिटं नजरेनंच धरायची, मग बेव्हल प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन मोजायचं साधन, लावून उजेडाकडं धरून फट दिसते का बघायची. फट दिसली की तुम्ही ओरडायचा नाहीत, नुसता जॉब परत हातात द्यायचा, ते जास्त लागायचं.

आता मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, सेटर आहे, मशीन कामाला लावून द्यायचं काम. टेपरला जी ०१ मध्ये, म्हणजे सरळ रेषेत कापायच्या कोडमध्ये, एक्स नि झेड (व्यास नि लांबीच्या दिशेचे आकडे) दिलं की मशीन काढतंय, सोपं आहे, पण ड्रॉइंगवर कधीकधी मोठा व्यास, लांबी आणि कोन एवढंच असतं, छोटा व्यास कुणीतरी काढायलाच लागतो आणि मग शॉपवर मला हाक येते. डिग्रीवाले दोघं आहेत आमच्याकडं, चांगली पोरं आहेत, तीपण येतात विचारायला, आणि मटेरियलचं किंवा डिझाइनचं काही अडलं की मी त्यांच्याकडं जाते, त्यात काय एवढं.

डिग्री वाईट असं माझं म्हणणं नाहीच सर. माझी मैत्रीण बीकॉम करून अकाउंट्स बघते, तिला ते जमतं नि आवडतं. पण काय करायचं ते ठरत नाही म्हणून तीन वर्षं कुठंतरी नाव घालून ठेवायचं, ह्याला शिक्षण म्हणायचं आणि लेथवर उभं राहण्याला हमाली, हे मला पटत नाही. आणि हे बोलणारेच घरातली मोटर जळली की "चांगला माणूस आहे का रे कोण" म्हणत फिरतात. ज्या कोल्हापूरची उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत खराद्यांच्या, म्हणजे टर्नरांच्याच, हातावर उभी राहिली तिथं तरी असं बोलू नये राव.

आपल्या बॅचमधला एकजण डिप्लोमाला गेला, एकजण रेल्वेत असिस्टंट लोको पायलट झाला, तुम्हाला माहीतच असेल. काहीजण अजून कंत्राटावर अडकलेत हेही खरं, तुम्ही आधीच सांगितलं होतंत त्यामुळं निदान फसवलं असं कुणाला वाटत नाही.

तर सर, मनापासून थँक्यू. आणि एक काम आहे, आत्याच्या पोराला फॉर्म भरायला तुमच्याकडं पाठवतेय. तो इलेक्ट्रिशियन म्हणतोय, कारण मित्र म्हणतोय. आत्यापण सोबत येईल, तिला स्टायपेंडचं आणि शिफ्टचं आधी सांगा, डिप्लोमाचं नंतर.