निळ्या चौकातल्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, आणि हे पत्र तुम्हाला वाचताही यायचं नाही. तरी लिहितोय. महिना झाला, ती टकटक कानातून जात नाही.

बार्सिलोनात वास्तुकार गाउदीच्या कासा बात्यो या घरात तुम्ही माझ्या बाबांना भेटलात. बाबा सावंतवाडीचे सुतार. जन्मभर दारं आणि देव्हारे केले. काचबिंदूमुळे आता नुसता उजेड-अंधार कळतो. आदल्या दिवशी एका टूरबरोबर गेलो होतो. तिथला गाइड म्हणाला, "आजोबांना बसमध्येच बसू द्या, त्यांना काय दिसणार?" आपलाच मराठी माणूस, म्हणून जास्त लागलं. आणि खरं सांगायचं तर, मी बसवलंही.

तुम्ही त्यांचा दंड धरून ओढलं नाहीत. दाराच्या पितळी मुठीवर अंगठीने दोनदा टकटक केलंत आणि बाजूला झालात. बस्स. आवाजाच्या रोखाने बाबांनी हात नेला आणि मूठ स्वतः शोधली. मागे रांग खोळंबलेली, कोणीतरी चुकचुकलं. तुम्ही हात आडवा धरून शांत उभ्या.

अंगठा खळग्यात बसला, बोटं आपसूक वळली. बाबा म्हणाले, "ही आधी कागदावर काढलेली नाही रे. मातीत मूठ दाबून केलीय." गाउदीबद्दल लोक हेच सांगतात, पण बाबांना ते कुठून माहीत असणार! गाउदी तांबटाचा पोर, लहानपणी सांधे दुखायचे म्हणून झाडंझुडं न्याहाळत बसायचा, हे मी नंतर सांगितलं. "तरीच," एवढंच म्हणाले. जिन्याच्या कठड्यावर हात फिरवून तर हसलेच. "मणका आहे हा. म्हशीचा नव्हे, मोठ्या जनावराचा."

मग घराच्या आतला तो निळा चौक. १९०४ ते १९०६ मध्ये जुनं घर बदलताना गाउदीने तो मोठा केला. फरशा वर गडद निळ्या, खाली येतील तशा फिक्या; खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. बाबा मजल्यामजल्यावर थांबून मान वर करायचे. "उजेड सगळीकडे सारखा वाटलाय." खिडकीखाली माशाच्या कल्ल्यांसारख्या लाकडी फटी आहेत, त्यांना गाल लावून वारा घेतला. आमच्या बिल्डरने डक्ट म्हणून जे काळोखं भोक ठेवलंय, त्याच्यासमोर त्याला एकदा उभं करायला हवं.

पण खिडक्या-फरशा पुस्तकातही सापडल्या असत्या. ती टकटक कुठे सापडणार? आंधळ्या माणसाला हात देणारे पुष्कळ असतात, ताई. त्याचा हात त्याच्याकडेच ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

परवा बाबांचा फोन होता. शेजारच्या पोराकडून चिकणमाती आणवलीय, तिच्यात मूठ दाबून पडवीत वाळत ठेवलीय. पुढच्या दाराला बसवणार म्हणतात. अंगठा जरा उथळ बसलाय, पुन्हा करावी लागेल.

तुमचा,
बाबांना बसमध्ये बसवणारा मुलगा