आधी गेट ठरवा, मग कंपाउंड बांधा

मा. संपादक,
नमस्कार.

घराला कंपाउंड करायचं म्हटलं की सगळ्यांचा क्रम ठरलेला असतो, ब्लॉक आणायचे, गवंडी लावायचा, भिंत उभी राहिली की मग निवांत मोबाइलवर गेटची डिझाइन्स बघत बसायचं. माझ्या मते सगळा घोळ इथेच सुरू होतो. भिंतीला स्वतःचं वजन आणि वारा एवढंच पेलायचं असतं, खरा भार येतो गेटच्या दोन पिलरवर, आणि ते पिलर चढत असतात तेव्हा गेट किती वजनाचं येणार आहे हे ना घरच्यांना माहीत असतं ना गवंड्याला.

जरा हिशोब करून बघा. 2 मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण 15.7 किलो भरतो. 4 मीटर रुंद, 1.8 मीटर उंच गेट अख्खं पत्र्याचं केलं तर नुसता पत्राच 113 किलो झाला, फ्रेम, आडवे पाइप, कडीकोयंडे यात धरलेलेच नाहीत. आता दोन पल्ले करा, एकेक 80 किलोचा आणि 2 मीटर रुंद धरा, बिजागऱ्यांमधे 1.4 मीटर अंतर ठेवा, तर वरची बिजागरी पिलरला रात्रंदिवस 57 किलोच्या आसपास जोराने गेटच्या बाजूला ओढत राहते आणि खालची तेवढ्याच जोराने ढकलत राहते. त्यात भरीव पत्रा असला की वारा आडवा बसतो तो वेगळाच.

म्हणून पोकळ ब्लॉकचा पिलर असेल तर पायातूनच सळ्या वर आल्या पाहिजेत, ब्लॉकची पोकळी काँक्रीटने भरली पाहिजे आणि होल्डफास्ट (बिजागरी पिलरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) त्या काँक्रीटमधे रुतलेले पाहिजेत, नंतर भोकं पाडून सिमेंटने चिकटवलेले नकोत. हे केलं नाही की काय होतं ते बघायचं असेल तर कुठल्याही जुन्या गेटची वरची बिजागरी बघा, तिच्यापासून प्लास्टरमधे केसासारखी बारीक तिरकी चीर निघालेली असते. लोक त्यात पुट्टी भरून रंग देतात. मग पल्ला खाली बसतो, फरशीला घासायला लागतो, कडी भोकात बसत नाही, मग वेल्डरला बोलावून भोक मोठं करून घेतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

घाई ही दुसरी गोष्ट. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, 7 दिवसांत जेमतेम दोन तृतीयांश येते, आणि आपल्याकडे घर उघडं पडलंय म्हणून दुसऱ्याच दिवशी गेट लटकवतात. तोपर्यंत तात्पुरते पत्रे लावा, पिलरवर नीट पाणी मारा, काही बिघडत नाही. आणि हो, सिमेंटचे ब्लॉक विटेसारखे भिजवून लावू नका, ते वाळताना आकसतात आणि भिंतीला उभ्या चिरा पडतात. लांब भिंत असेल तर मधे मधे सांधा सोडायला सांगा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. सरकतं गेट. जागा वाचते म्हणून सगळे तेच करतात, पण ते उभं असतं फक्त खालच्या चाकांवर आणि वरच्या गाइड रोलरच्या, म्हणजे गेटला वरून उभं धरणाऱ्या चाकांच्या, आधारावर. ट्रॅकच्या टोकाला स्टॉपर, म्हणजे गेटला अडवणारा लोखंडी तुकडा, नसेल आणि कोणी गेट जोरात ढकललं तर ते रोलरमधून बाहेर निघतं आणि सरळ आडवं पडतं, 100-150 किलोचं लोखंड, आणि ढकलणारं बहुतेक वेळा लहान पोर असतं कारण मुलांना ते गेट पळवायला, त्याला लटकायला फार आवडतं. मोटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मोटरचा लिमिट स्विच (गेट टोकाला आलं की मोटर बंद करणारा) म्हणजे स्टॉपर नव्हे, लाइट गेल्यावर मोटर सोडवून गेट हाताने ओढतात तेव्हा त्याचा काहीच उपयोग नसतो. उघडताना आणि बंद करताना, दोन्ही टोकांना जाड लोखंडाचा तुकडा फुल वेल्डिंग करून किंवा काँक्रीटमधे बसवून घ्या, नुसतं टाके मारलेलं वेल्डिंग पहिल्या दणक्यात सुटतं. गाइड रोलरचे नट ढिले होतात, तेही अधूनमधून आवळायचे.

स्टॉपर म्हणजे हातभर लोखंडाचं काम हो, गेटच्या नक्षीवर जेवढं लोखंड जातं त्याच्यापुढे काहीच नाही, तरी तो राहून जातो कारण फोटोत तो दिसत नाही आणि कोणी मागतही नाही.

संपादकांना विनंती की घरबांधणीवर लिहिताना गेटच्या सुंदर फोटोंसोबत पिलरचा आतला छेद आणि सरकत्या गेटचे दोन स्टॉपर दाखवणारं एक साधं चित्र जरूर छापा, म्हणजे लोकांना ते कापून वेल्डरच्या हातात देता येईल. आणि ज्यांच्याकडे सरकतं गेट आधीच आहे त्यांनी आजच मुलांना लांब उभं करून ते सावकाश टोकापर्यंत नेऊन बघावं, स्टॉपर नसेल तर तो लागेपर्यंत गेटला साखळी घालून ठेवावी.

आपला,
एक वाचक