‘टेल ऑफ’ म्हणजे नुसते ‘खडसावणे’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या इंग्रजीच्या सदरात बोलण्यातल्या क्रियापदांची यादी वाचली. त्यात ‘टेल ऑफ’समोर ‘खडसावणे’ एवढाच अर्थ आहे. तो चुकीचा नाही, पण तेवढ्या भांडवलावर विद्यार्थ्याने वाक्य करायला घेतले तर ते फसणारच.

ब्रिटिश इंग्रजीत ‘टेल ऑफ’ बहुधा मोठ्यांनी लहानांना रागावण्यासाठी येते. ‘बाई मला रागावल्या’ म्हणतो, त्या रागावण्याला ते चपखल बसते. ‘आय गॉट टोल्ड ऑफ फॉर टॉकिंग’ म्हणजे वर्गात गप्पा मारल्या म्हणून बोलणी खाल्ली. कशाबद्दल, हे सांगायला ‘फॉर’ लागते. यादीत त्याचा पत्ताच नाही. अमेरिकेत मात्र ‘आय टोल्ड माय बॉस ऑफ’ असेही सर्रास ऐकू येते. तिथे हाताखालचा माणूसही साहेबाला तोंडावर चार शब्द सुनावू शकतो.

खरी गोची आहे शब्दांच्या क्रमाची. सर्वनाम आले की ते मधेच बसते: ‘शी टोल्ड हिम ऑफ’. ‘शी टोल्ड ऑफ हिम’ हे इंग्रजी नव्हेच, आणि आपली मुले नेमके तेच लिहितात, कारण यादीत ‘टेल’ आणि ‘ऑफ’ कायम चिकटलेले दिसतात. कार्यालयीन पत्रात हा प्रयोग शोभत नाही. तिथे ‘रेप्रिमांड’ (औपचारिक कानउघाडणी करणे) हवे.

‘टेल’चा जुना अर्थ मोजणे. बँकेतला ‘टेलर’, म्हणजे पैसे मोजून देणारा-घेणारा रोखपाल, त्यातूनच आला. तुकडीतून माणसे मोजून वेगळी काढायची आणि कामाला लावायची, यालाही सैन्यात ‘टेल ऑफ’ म्हणत. जुन्या पुस्तकात हा अर्थ भेटला की ‘खडसावणे’ पाठ केलेला वाचक पार गोंधळतो.

अशा जोड क्रियापदांनी परकीयांची फार अडचण होते, हे इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. मराठी माणसाला मात्र ही चाल अगदीच अनोळखी नाही. ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून बघ’ यांतला फरक आपण कधी यादीतून शिकलो नाही. कोण कुणाला कधी म्हणते, हे ऐकत शिकलो.

म्हणून विनंती, की सदरात एका वेळी एकच क्रियापद घ्यावे. ते कोण कुणाला म्हणते, सर्वनाम कुठे बसते आणि कुठे ते वापरू नये, हे दोन-तीन पूर्ण वाक्यांतून दाखवावे. जागा तेवढीच लागेल.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका