गोळीची सवय नव्हे

अमळनेर,
दि. १२ जून

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दोन वर्षे नेमाने गोळी घेऊनही डोक्यातली गाठ का कमी होत नाही आणि गोष्ट ऑपरेशनपर्यंत कशी आली, हे तू विचारले आहेस. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच कारण सांगतो, अंगाला गोळीची सवय झाली. आईसुद्धा म्हणते, “आंगले गोयीनी सवय पडी गयी.” तसे झालेले नाही, आणि निदान तुझ्या मनात तरी हा गैरसमज राहू नये असे मला फार वाटते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिची बहुतेक संप्रेरके वरून हुकूम आला म्हणजे स्रवतात. प्रोलॅक्टिनचे मात्र उलटे आहे. ते तयार करणाऱ्या पेशींचा ओढा मुळातच स्रवण्याकडे असतो आणि ग्रंथीच्या वर असलेल्या मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून बारीक रक्तवाहिन्यांवाटे येणारे डोपामिन हे रसायन त्यांचा कासरा सतत ओढून धरते. पेशीच्या अंगावर ‘डी-२’ नावाचे ग्राहक, म्हणजे निरोप घेणारे रिसेप्टर, असतात. डोपामिन त्यांवर बसले की आत निरोप जातो आणि स्राव आवरला जातो. माझी गाठ याच पेशींची आहे. ती कर्करोगाची नाही, पण वाढत वर सरकून तिने दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब दिला. बसस्थानकाच्या आवारात डावीकडून आलेली रिक्षा माझ्या कोपराला घासून गेली तरी ती मला दिसली नव्हती. समोरचे सारे स्वच्छ दिसत होते, फक्त दोन्ही कडांना काही नव्हते. निदानाला सुरुवात झाली ती तिथून.

माझी गोळी कॅबरगोलिनची. डोपामिनची नक्कल करून ती त्याच ग्राहकांवर बसते. तिचे कूळ ऐकून तुला आपले लहानपण आठवेल. बाजरी पेरण्याआधी तुझे वडील बियाणे मिठाच्या पाण्यात टाकायला लावत, वर तरंगलेले अरगट या बुरशीचे काळपट दाणे आपण हाताने काढून फेकत असू, आणि ते कोंबड्यांनाही घालायचे नाहीत अशी ताकीद असे. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या त्याच जातकुळीतल्या बुरशीच्या विषारी द्रव्यांपासून पुढे ब्रोमोक्रिप्टिन आणि कॅबरगोलिन ही औषधे घडली. अरगट पोटात गेलेल्या जनावरांचे दूध आटते हे लोकांना ठाऊक होते, आणि प्रोलॅक्टिन तर दुधाचेच संप्रेरक. ज्याला आपण केवळ विष समजत होतो, त्याच्याच कुळातल्या औषधाने माझ्यासारख्या बहुतेक रुग्णांच्या गाठी चाकू न लावता आक्रसतात, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

बहुतेकांच्या, पण सगळ्यांच्या नाही. कॅबरगोलिन सुमारे दहातल्या एकाला पुरेसे लागू पडत नाही. ब्रोमोक्रिप्टिनच्या बाबतीत हे प्रमाण आणखी जास्त आहे. सोसवेल तितकी मात्रा देऊनही प्रोलॅक्टिन सामान्य पातळीवर येत नसेल आणि गाठ निम्म्याने आकसत नसेल, तर डॉक्टर त्याला प्रतिरोध म्हणतात. पुरुषांत आणि मोठ्या, शेजारच्या भागात घुसलेल्या गाठींत तो अधिक आढळतो. माझे प्रोलॅक्टिन सुरुवातीला मिलिलिटरमागे १,८४० नॅनोग्रॅम होते. पुरुषात ते साधारण २० च्या आत हवे. आठवड्याला २ मिलिग्रॅमवर ते ६१० झाले, पुढे साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत नेले तरी ५६० वरच अडले. गाठ २८ मिलिमीटरची २५ झाली, बस. सवय झाली असती, तर आधी आकडा खाली येऊन मग पुन्हा चढला असता. तसे क्वचित कोणाचे होतेही, पण माझा तर पहिल्यापासूनच पुरता उतरला नाही. माझ्या गाठीच्या पेशींवर ग्राहकच थोडे असावेत, किंवा असलेल्या ग्राहकांकडून आत जाणारा निरोप क्षीण असावा. अशा गाठी तपासल्या तेव्हा ग्राहकाच्या जनुकात बिघाड सापडला नाही. मात्र काहींमध्ये, ग्राहकाला पेशीच्या आवरणाशी धरून ठेवणारे फिलामिन-ए हे प्रथिन कमी आढळले. ज्या कासऱ्याला वेसणच नाही तो कितीही ओढला तरी बैल कसा थांबणार?

मात्र हा शिक्का लागण्याआधी एक गोष्ट पाहिली गेली पाहिजे होती, आणि तिथे माझे चार महिने वाया गेले. छातीत जळजळ होते म्हणून इथल्या एका डॉक्टरांनी मला रोज सकाळची गॅसची गोळी लिहून दिली होती. तिच्यात पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन होते, आणि डोम्पेरिडोन नेमके डोपामिनचेच ग्राहक अडवते. एका हाताने मी औषध घेत होतो आणि दुसऱ्या हाताने त्याची वाट बंद करत होतो. कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. ती गोळी थांबवून पुन्हा तपासणी केल्यावरच माझा प्रतिरोध खरा ठरला. वर लिहिलेले ६१० आणि ५६० हे त्यानंतरचेच आकडे आहेत. तुझ्या ओळखीत कोणाचे प्रोलॅक्टिन वाढलेले निघाले, तर गॅसच्या, उलटीच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्यांची चौकशी आधी करायला सांग. मात्र मानसिक आजाराची गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये.

मात्रा आणखी वाढवण्याचा मार्ग होता. पण पार्किन्सनसाठी रोज ३ मिलिग्रॅमहून अधिक कॅबरगोलिन घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून डॉक्टर जपून असतात. माझी मात्रा त्या मानाने पुष्कळ कमी, तरी इको काढला. तो चांगला आहे. म्हणून आता नाकावाटे ऑपरेशन करायचे ठरले आहे. गाठीचा एक भाग बाजूच्या शिरेच्या पोकळीत शिरला असल्यामुळे ती सगळी निघणार नाही, हे सर्जननी स्पष्ट सांगितले. पण बराचसा भार काढला की उरलेल्या गाठीला कमी मात्रेतही औषध पुरते, असे पुष्कळ रुग्णांत दिसले आहे, आणि माझी सगळी आशा त्यावर आहे. आईला मी एवढेच सांगितले आहे की गोळी सुटणार नाही, ऑपरेशन तिच्या मदतीला आहे.

एक काम कर. पुण्यात पहिला एमआरआय काढला तेव्हा त्याच्या फिल्म तुझ्याच घरी, लोखंडी कपाटावर राहिल्या. सर्जनना त्या आत्ताच्या फिल्मशेजारी लावून पाहायच्या आहेत. पोस्टाने पाठवू नकोस, वाकतील. २० तारखेला येशील तेव्हा गुंडाळी न करता सपाट घेऊन ये.

तुझा,
प्रल्हाद